हौशी मंडळींचे उपग्रह

२०२४ साली २१ मार्चच्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैच्या सकाळी आमचा हिंगोली जिल्हा हादरला. दोन्ही वेळा भूकंपाचे केंद्र जिल्ह्यातच, कळमनुरी तालुक्याच्या परिसरात होते आणि तीव्रता ४.५ इतकी नोंदली गेली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे भागातल्या लोकांना तर जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून परिचयाचे आहेत. धक्का बसला की माणूस घराबाहेर धावतो आणि लगेच दूर असलेल्या आपल्या माणसांची खुशाली विचारू पाहतो. पूर्वी तो तारघराकडे जाई, आता खिशातून मोबाइल काढतो. हजारो माणसे एकाच क्षणी खिशातून मोबाइल काढतात, तेव्हा जाळे तुंबते. आणि धक्का याहून मोठा असेल, मनोरे पडले, वीज गेली, मनोऱ्याखालची घटमालाही काही तासांत संपली, तर?

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तो विचारला गेला होता. त्या वेळी बाहेरच्या जगाशी संपर्क साधून देण्याच्या कामात काही माणसे स्वतःची बिनतारी यंत्रे घेऊन उतरली. ती लष्करातली नव्हती की पोलिसांतलीही नव्हती. ते होते हौशी रेडिओचालक. जगभर त्यांना ‘हॅम’ या नावाने ओळखतात. पुढे २००१ च्या गुजरात भूकंपात हॅम मंडळी अशीच धावून गेली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा तर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओचे केंद्र चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानची नेहमीची संदेशव्यवस्था कोलमडली आणि छंदासाठी नेलेली यंत्रे बेटांवरच्या माणसांची खबरबात मुख्य भूमीकडे पोहोचवू लागली.

या हौशी मंडळींनी स्वतःचे उपग्रहही बनवले आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. उपग्रह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटा, कोट्यवधी रुपये आणि पांढरे कोट घातलेले शास्त्रज्ञ येतात. हिंगोलीकरांना मोठ्या विज्ञानाची आता सवय होऊ लागली आहे, कारण औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यासाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने २६०० कोटी रुपये मंजूर केले. आज आपण विज्ञानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ या. तेथे माणसे गॅरेजात बसून उपग्रह जोडतात.

हॅम म्हणजे कोण?

हौशी रेडिओ ही जगभर मान्य झालेली रीतसर सेवा आहे. आंतरराष्ट्रीय करारांनी वर्णपटातील काही पट्टे या लोकांसाठी राखून ठेवले आहेत. स्वतः शिकावे, एकमेकांशी बोलावे, बिनतारी तंत्रातले प्रयोग करावेत, एवढाच त्यामागचा हेतू. त्या पट्ट्यांवरून धंदा करता येत नाही, पैसे घेऊन निरोप देता येत नाही आणि गुप्त सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. जे बोलायचे ते उघड. भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि त्याबरोबर ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारी कॉलसाइन मिळते. ही परीक्षा शाळकरी वयातही देता येते.

मग या लोकांना उपग्रह कशाला हवा? त्यासाठी थोडा हिशोब करू.

रेडिओलहरींचे दोन स्वभाव आहेत. साधारण ३ ते ३० मेगॅहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे लघुलहरी, वातावरणाच्या वरच्या भागात असलेल्या आयनांबरावरून परत वळतात आणि हजारो किलोमीटर दूर जाऊन उतरतात. अंदमानातून २००४ साली संपर्क झाला तो याच मार्गाने. पण आयनांबर लहरी आहे. दिवसा एक, रात्री दुसरे, सूर्यावर वादळ झाले तर तिसरेच. याउलट १४५ किंवा ४३५ मेगॅहर्ट्झच्या लहरी आयनांबराला भेदून सरळ निघून जातात. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत चालतात. त्यांना लागणारे यंत्र हातात मावते आणि अँटेनाही लहान असते. अडचण एकच, पृथ्वी गोल आहे.

h मीटर उंचीवरून क्षितिज किती किलोमीटरवर दिसते ते काढायचे एक सोपे सूत्र आहे. उंचीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ ने गुणा. हिंगोलीत एखाद्या गच्चीवर जमिनीपासून १५ मीटर उंच खांब उभारला तर क्षितिज सुमारे १४ किलोमीटरवर येते. पलीकडेही तसाच खांब असेल तर २८ किलोमीटर. हवेत लहरी किंचित वाकतात, म्हणून प्रत्यक्षात अंतर थोडे अधिक मिळते. म्हणजे औंढ्यापर्यंत जेमतेम आवाज जाईल, परभणी किंवा नांदेडपर्यंत नाही. खांब उंच करावा, तर किती करणार?

समजा, खांब ६०० किलोमीटर उंच केला! मग हे साधे सूत्र चालत नाही, काटकोन त्रिकोण मांडावा लागतो. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, उपग्रहाचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर ६९७१ किलोमीटर. ६३७१ ला ६९७१ ने भागले की ०.९१४ येतात आणि ज्याची कोज्या ०.९१४ आहे तो कोन सुमारे २४ अंशांचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर २४ अंश म्हणजे जवळजवळ २६६० किलोमीटर. उपग्रह बरोबर हिंगोलीच्या डोक्यावर असेल तेव्हा या त्रिज्येच्या वर्तुळातल्या प्रत्येकाला तो क्षितिजाच्या वर असतो. नकाशा काढून हे वर्तुळ आखून पाहा. काश्मीर, अरुणाचल, पोर्ट ब्लेअर, कोलंबो, काठमांडू, यांगून आणि मस्कतही त्यात सापडते. एका ठिकाणची लहर वर घेऊन ताबडतोब खाली परत सोडणारे यंत्र तेवढे त्या उपग्रहात बसवले की काम झाले. या यंत्राला ट्रान्सपाँडर म्हणतात.

शक्तीचे काय? येथे सुखद आश्चर्य आहे. वाटेत डोंगर नाही, इमारत नाही, झाड नाही. त्यामुळे एक वॉट एवढी शक्तीसुद्धा पुरते. एक वॉट म्हणजे घरातल्या रात्रीच्या बारीक दिव्याइतकी. मात्र अंतराच्या वर्गाचा नियम आपले काम करतोच. डोक्यावर असताना ६०० किलोमीटरवर असलेला उपग्रह क्षितिजावर असताना सुमारे २८३० किलोमीटर दूर असतो, आणि तेथून येणारी लहर डोक्यावरच्यापेक्षा २२ पट क्षीण होते. (वर्ग करून पाहा.)

स्पुटनिकनंतर चारच वर्षांनी

पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी उडाला. त्याची ‘बीप-बीप’ जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या यंत्रांवर ऐकली आणि त्यांच्यातल्या काहींना वाटले, असले काही आपणही करावे. कॅलिफोर्नियातल्या एका गटाने ते मनावर घेतले. १२ डिसेंबर १९६१ रोजी डिस्कव्हरर-३६ या अमेरिकी उपग्रहाबरोबर त्यांचा ऑस्कर-१ वर गेला. त्याचे वजन साडेचार किलोग्रॅम. मुख्य उपग्रहाबरोबर जाऊन वेगळा झालेला हा ‘जोडप्रवासी’. त्याला रॉकेटापासून ढकलून दूर करणारी स्प्रिंग दुकानातून एक डॉलर आणि पंधरा सेंटला विकत आणली होती.

ऑस्कर-१ मध्ये ट्रान्सपाँडर नव्हता. तो मोर्सच्या संकेतात ‘हाय’ एवढेच म्हणत असे: चार टिंबे, थोडी जागा, दोन टिंबे. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी उपग्रह? पण त्यात खुबी होती. ‘हाय’ म्हणण्याची गती उपग्रहाच्या आतल्या तपमानावर अवलंबून ठेवलेली होती. ऐकणाऱ्याने घड्याळ लावून दहा वेळा ‘हाय’ म्हणायला किती सेकंद लागतात ते मोजले की उपग्रह किती तापला आहे ते कळे! मनगटी घड्याळ हेच मोजमापाचे उपकरण. २८ देशांतल्या ५७० हौशी मंडळींनी आपल्या नोंदी पाठवल्या. त्यावर सौरघट नव्हते, त्यामुळे सुमारे तीन आठवड्यांत घटमाला संपली, आणि ३१ जानेवारी १९६२ रोजी उपग्रह वातावरणात येऊन जळून गेला. विज्ञान शिकवण्याचा याहून सुटसुटीत मार्ग मला तरी आठवत नाही.

१९६५ च्या ऑस्कर-३ ने पहिल्यांदा हौशी संभाषणे वर घेऊन खाली सोडली. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला ॲम्सॅट ही संस्था स्थापन झाली, आणि मग निरनिराळ्या देशांतली मंडळी या कामाला लागली. त्या सर्व उपग्रहांची यादी देत बसत नाही, ती लांबलचक आहे. पण एकाची गोष्ट सांगायलाच हवी.

ऑस्कर-७ हा १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सुमारे १४५० किलोमीटर उंचीवर गेला. साडेसहा वर्षे त्याने उत्तम काम केले. १९८१ च्या मध्याला त्याच्या घटमालेत शॉर्ट सर्किट झाले आणि तो मुका झाला. सौरघट वीज तयार करत होते, पण ती सारी बिघडलेल्या घटांतून वाहून जात होती. लोकांनी त्याचे नाव यादीतून काढून टाकले. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका हॅमला ओळखीचे मोर्स संकेत ऐकू आले. पाहतो तो ऑस्कर-७! एकवीस वर्षांनी तो बोलू लागला होता. झाले होते असे की, शॉर्ट झालेला घट पुढे आतून तुटला, मंडल खुले झाले आणि सौरघटांची वीज पुन्हा प्रक्षेपकाकडे जाऊ लागली. विजेचा धडा शिकलेल्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबून आकृती काढावी. समांतर जोडणीत एक शाखा शॉर्ट झाली तर काय होते आणि तीच शाखा तुटली तर काय होते? उत्तर त्या आकृतीत आहे. तेव्हापासून ऑस्कर-७ फक्त उन्हात जागा असतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की झोपतो. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लोक त्यावरून बोलत आले आहेत.

भारताचा हॅमसॅट

त्सुनामीला पाच महिनेही झाले नव्हते. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ या रॉकेटाने कार्टोसॅट-१ बरोबर एक छोटा उपग्रहही वर नेला. तो हॅमसॅट. वजन ४२.५ किलोग्रॅम, उंची सहाशे किलोमीटरच्या थोडी वर. त्याची तयारी त्सुनामीच्या आधीपासून चाललेली होती हे उघडच आहे, पण त्याची गरज कोणाला समजावून सांगण्याची वेळ तेव्हा उरली नव्हती. भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, आणि ॲम्सॅट-इंडिया यांचा हा उद्योग. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय मंडळींनी तयार केलेला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका हौशी अभियंत्याने. जगातल्या हॅम मंडळींनी त्याला व्हीओ-५२ हे नाव दिले.

४३५ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात बोलायचे आणि १४५ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकायचे, अशी त्याची रीत. ट्रान्सपाँडरच्या पट्ट्याची रुंदी ६० किलोहर्ट्झ, म्हणजे एकाच वेळी अनेक जोड्यांना बोलण्याइतकी जागा. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज अंतराळातून परत येताना ऐकू येई. लोकांना हे फार आवडे, आणि ते उपयोगाचेही होते, कारण आपला संदेश पोहोचला की नाही ते विचारावे लागत नसे. हॅमसॅटने नऊ वर्षांहून जास्त सेवा केली. लिथियम-आयन घटमाला निकामी झाल्याने ११ जुलै २०१४ रोजी त्याचे काम थांबले. ऑस्कर-७ सारखा तो उठून बसला नाही.

रेल्वेची शिट्टी आणि उपग्रह

वर्गात डॉप्लर परिणाम शिकवताना आम्ही सगळे शिक्षक रेल्वेच्या शिट्टीचे उदाहरण देतो. अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येत असेल, तर ध्वनीच्या सेकंदाला ३४० मीटर वेगाशी तिचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास. शिट्टीचा सूर तेवढा चढलेला ऐकू येतो आणि गाडी निघून गेली की उतरतो. उदाहरण छान आहे, पण मोजायला अवघड. गाडी भुर्रकन निघून जाते.

उपग्रहाचे पाहा. ६०० किलोमीटर उंचीवर तो सेकंदाला सुमारे ७.५६ किलोमीटर वेगाने फिरतो आणि साडेशहाण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा करतो. क्षितिजावर उगवताना त्याच्या वेगाचा आपल्या दिशेने येणारा भाग सेकंदाला साधारण ६.९ किलोमीटर असतो. प्रकाशाच्या वेगाशी त्याचे प्रमाण काढले तर शेकडा ०.००२३ भरते, रेल्वेपुढे अगदीच नगण्य. पण १४५.९ मेगॅहर्ट्झचा शेकडा ०.००२३ म्हणजे सुमारे ३.४ किलोहर्ट्झ, आणि ४३५ मेगॅहर्ट्झचा म्हणजे १० किलोहर्ट्झ! बोलण्याच्या आवाजाला लागणारी पट्टीच मुळी तीन किलोहर्ट्झच्या आत-बाहेर असते. म्हणून उपग्रह उगवताना ग्राहीयंत्र थोडे वर लावायचे आणि तो जसजसा पुढे सरकेल तसतसे खाली उतरवत न्यायचे. हात सतत बटणावर. नाहीतर समोरच्याचा आवाज आधी मांजरासारखा आणि मग म्हशीसारखा ऐकू येतो.

हॅमसॅटच्या रचनेत येथे एक चतुराई होती. वर जाणारा पट्टा खाली येताना उलटा केलेला असे, म्हणजे सर्वांत वरची वारंवारता सर्वांत खाली. त्यामुळे चढताना झालेली १० किलोहर्ट्झची वाढ उलटून १० किलोहर्ट्झची घट होई, आणि उतरताना होणारी ३.४ किलोहर्ट्झची वाढ त्यातून वजा जाई. उरे सुमारे ६.६. सरळ ठेवला असता तर दोन्हींची बेरीज होऊन १३.४ झाले असते.

डॉप्लर परिणामाचा हा त्रास उलटवून त्याचा उपयोगही करता येतो. उपग्रहाची कक्षा माहीत असेल आणि जमिनीवरून कोणी संकटाचा संकेत पाठवत असेल, तर वारंवारता कशी बदलते त्यावरून तो माणूस कोठे आहे हे काढता येते. १९७० च्या दशकात हे करून पाहण्यासाठी शास्त्रज्ञांना हाताशी सापडला तो हौशी मंडळींचा ऑस्कर-६. पुढे याच तत्त्वावर कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय शोध-बचाव योजना उभी राहिली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात विमान कोसळून अडकलेल्या तिघांचे प्राण तिने वाचवले. आज या योजनेची भारतातील भूकेंद्रे बंगळुरू आणि लखनौला आहेत. छंदाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांना शिक्षकांनी हे जरूर सांगावे.

पुण्या-मुंबईच्या मुलांनी केलेले

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनीही या कामात हात घातला आहे. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात २० उपग्रह नेले. त्यातला एक, पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर, वजन सुमारे एक किलोग्रॅम. म्हणजे साखरेच्या एका पुड्याएवढे. मजकुराचा निरोप एका ठिकाणाहून घ्यायचा, जवळ ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचा, तोही हौशी रेडिओच्या पट्ट्यातून, हे त्याचे उद्दिष्ट. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. उपग्रह अंतराळात कोलांट्या खाऊ लागला तर अँटेना भलतीकडे वळते. ती सरळ ठेवायला मोठे उपग्रह फिरती चाके किंवा वायूचे झोत वापरतात. एवढ्याशा डब्यात ते कोठून बसणार? या मुलांनी आत कायम चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहते तसा सारा उपग्रहच राहणार! सुई आधी डुलते, मग स्थिरावते. तसे डुलणे थांबवण्यासाठी त्यात विशिष्ट चुंबकीय पदार्थाच्या कांड्या बसवलेल्या होत्या. डुलण्याची ऊर्जा त्या कांड्या उष्णतेत घालवतात. वीज शून्य, हलणारा भाग शून्य. सातवी-आठवीत शिकलेल्या चुंबकाने असे काम करावे, याचे मला अप्रूप वाटते.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ ने मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा १० किलोग्रॅमचा उपग्रह नेला. त्याच्याकडे संभाषणाचे काम नव्हते. तो १४५ आणि ४३७ मेगॅहर्ट्झच्या आसपास दोन संकेत सोडणार आणि खालच्या केंद्रांनी त्यावरून आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायचे, अशी योजना होती. ध्रुवित लहर इलेक्ट्रॉनांतून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिचे प्रतल फिरते. याला फॅरेडे परिणाम म्हणतात. वारंवारता कमी असेल तर ते जास्त फिरते, आणि दोन वारंवारतांची तुलना केली की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा अंदाज येतो. भारतात हे मोजण्याला विशेष अर्थ आहे. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते, पण इलेक्ट्रॉनांची सर्वांत जास्त गर्दी तेथे होत नाही, तर उत्तरेला भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यात होते. मराठवाडा या दोहोंच्या मध्ये येतो. उपग्रहांवरून जागा शोधणाऱ्या यंत्रणांत या गर्दीमुळे चुका शिरतात. ‘प्रथम’चे संकेत घेण्यासाठी इतर महाविद्यालयांनीही भूकेंद्रे बांधावीत असा त्या मुलांचा प्रयत्न होता.

१ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणात मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचे ‘बिलीफसॅट-०’ हे हौशी रेडिओचे उपकरण गेले. ते स्वतंत्र उपग्रह म्हणून सुटले नाही. काम संपलेल्या रॉकेटचा चौथा टप्पा फेकून न देता इस्रोने त्याचाच प्रयोगमंच केला आणि हे उपकरण त्यावर स्वार झाले. तो टप्पा ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणलेला होता. २१ मार्च २०२४ रोजी तो वातावरणात शिरून नष्ट झाला. कचरा मागे उरला नाही, हेही चांगलेच. आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी एसएसएलव्ही-डी२ ने नेलेल्या आझादीसॅट-२ ची उपकरणे तर देशभरच्या ७५० शाळकरी मुलींनी जोडली होती. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पहिला आझादीसॅट रॉकेट चुकीच्या कक्षेत गेल्याने वाया गेला होता. मुलींनी तो पुन्हा बनवला.

मोबाइल असताना हे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. ६०० किलोमीटरवरचा हौशी उपग्रह एका फेरीत जास्तीत जास्त १३ मिनिटे दिसतो. तोपर्यंत पृथ्वी फिरते, आणि पुढच्या प्रदक्षिणेला तो आपल्यापासून २४ अंश, म्हणजे सुमारे २५०० किलोमीटर पश्चिमेला सरकलेला असतो. दिवसातून सकाळी दोन-तीन आणि संध्याकाळी दोन-तीन उपयोगी फेऱ्या, बस्स. भूकंप काही उपग्रहाचे वेळापत्रक पाहून होत नाही. तेव्हा आपत्तीत एका छोट्या उपग्रहाच्या भरवशावर राहता येणार नाही, आणि किल्लारीला किंवा अंदमानला कामाला आली ती जमिनीवरची यंत्रेच. उपग्रहाने दिलेली गोष्ट निराळी आहे. ज्या माणसाने तेरा मिनिटांत, हलत्या अँटेनेने, सरकत्या वारंवारतेवर, एका वॉटाच्या उपग्रहातून श्रीनगरशी बोलणे साधले आहे, त्याच्या हाती आपत्तीत कोणतेही यंत्र द्या, तो ते चालू करील.

तेरा मिनिटांच्या अडचणीवरही एक उत्तर निघाले आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे ऑस्कर-७ नंतर बरोबर ४४ वर्षांनी, कतारचा एस्‌हेल-२ हा भूस्थिर उपग्रह गेला. दूरचित्रवाणीच्या उपकरणांबरोबर त्यात हौशी मंडळींसाठीही ट्रान्सपाँडर आहेत. तो पूर्व रेखांश २६ अंशांवर आकाशात स्थिर दिसतो. हिंगोलीहून पाहिले तर पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे २८ अंश वर. त्याचे १० गिगॅहर्ट्झचे संकेत घ्यायला घरगुती टी.व्ही.ची लहान तबकडी पुरते. तो ३८ हजार किलोमीटरहून दूर असल्याने आपलाच आवाज परत यायला पाव सेकंद लागतो. हे गणित तुम्ही करा.

ऐकून पाहायचे तर

प्रक्षेपण करायला परवाना हवाच. त्याशिवाय बटण दाबणे हा गुन्हा आहे. सुरुवात ऐकण्यापासून करावी आणि यंत्र घेण्याआधी जवळपासच्या परवानाधारक हॅमला विचारावे. शाळेत इंटरनेट असेल तर त्याहून सोपे. जगभरच्या हौशी मंडळींनी आपली ग्राहीयंत्रे इंटरनेटला जोडून ठेवली आहेत आणि उपग्रहांच्या ध्वनिमुद्रित फेऱ्या ‘सॅटनॉग्स’सारख्या जाळ्यावर विनामूल्य ऐकता येतात. फेरी पडद्यावर चित्ररूपाने उमटते, आणि डॉप्लर परिणामाची ती प्रसिद्ध वाकडी रेघ त्यात स्पष्ट दिसते. रेघ जेथे सर्वांत वेगाने कलते तो क्षण उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असल्याचा. रेघेच्या दोन टोकांतल्या वारंवारतेचा फरक मोजा, त्याची निम्मी घ्या, मूळ वारंवारतेने भागा आणि प्रकाशाच्या वेगाने गुणा. सेकंदाला ७ किलोमीटरच्या जवळपासचे उत्तर यायला हवे. फेरी डोक्यावरून न जाता बाजूने गेलेली असेल तर ते थोडे कमी येईल. का, ते फळ्यावर आकृती काढून ठरवा.

अँटेना घरी करता येते. १४५.८ मेगॅहर्ट्झची तरंगलांबी काढायला ३०० ला १४५.८ ने भागा. सुमारे २ मीटर ६ सेंटिमीटर. साध्या द्विध्रुव अँटेनेची लांबी तिच्या निम्म्याहून पाचेक टक्के कमी ठेवतात, म्हणजे ४९ सेंटिमीटरच्या दोन काड्या. सुताराची पोलादी मोजपट्टी कापून पुष्कळ जण याहून चांगली, अनेक काड्यांची अँटेना बनवतात.

सुरुवातीला सर्वांत सोपे सावज म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्यावर हौशी रेडिओचे केंद्र आहे आणि तेथून १४५.८०० मेगॅहर्ट्झवर अंतराळवीर शाळांतल्या मुलांशी बोलतात. जुलै 
२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी याच हॅम रेडिओवरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. बोलणे रोज नसते. पण अधूनमधून तेथून चित्रे पाठवली जातात. लांबलेल्या शिट्ट्यांसारखा तो आवाज असतो आणि मोबाइलमधील साध्या कार्यक्रमाने त्याचे चित्र बनते. स्थानकाची फेरी दहा मिनिटांची. उगवताना साडेतीन किलोहर्ट्झ वर लावा, मावळताना तेवढेच खाली. आणि पहिल्या दिवशी काहीच ऐकू आले नाही तर अँटेनेला दोष देण्याआधी वेळापत्रक पुन्हा वाचा. ते बहुधा ग्रिनिचच्या वेळेत छापलेले असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहून गेले असतील.